कालचं पाणी

बेमुआनोच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा सेरवाने मांडीवरची पिशवी आधी छातीशी धरली आणि मग पाय खाली टाकला. शेजारची बाई अर्ध्या वाटेपासून त्या पिशवीकडे बघत होती.

"अंडी आहेत का गं? एवढी जपतेस ती."

"अंडी कसली," ड्रायव्हर आरशातून म्हणाला. "सोनं असणार. बेमुआनोत सोनं घेऊन येणारी ही पहिलीच बाई. बाकी सगळे इथून घेऊनच गेले."

गाडीत हशा पिकला. सेरवाही तोंडदेखलं हसली. तिचं सुतकातलं काळं-तांबडं लुगडं त्या बाईच्या आता कुठे नीट लक्षात आलं. ती हसायची थांबली.

"कोण गेलं?"

"वडील."

"धीर धर, पोरी. आणि तू पुढे बघ रे, आरशात काय बघतोस?"

गाडी धूळ उडवत निघून गेली. फाट्यापासून गावात जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना 'सोने घेतो' अशा पाट्यांची दुकानं होती. प्रत्येक दुकानात एक तराजू, एक पंखा आणि पंख्याखाली झोपलेला एक माणूस. सोनं काढणाऱ्या कंपनीच्या जुन्या क्लबाच्या भिंती उभ्या होत्या, छप्पर नव्हतं, आत मक्याचं पीक आलं होतं. सेरवाला यातलं काहीच नवीन वाटलं नाही. बाबांनी या गावाबद्दल कधी चार वाक्यंही सांगितली नव्हती, तरी आपण इथे आधी येऊन गेलो आहोत असं तिला वाटत राहिलं.

पिशवीत जिनची एक हिरवी बाटली होती आणि खोकल्याच्या गोळ्यांचा चपटा पत्र्याचा डबा होता. डब्यात, पांढऱ्या फडक्यात, बाबांचे केस आणि नखं.

बाबांना शहरात, अक्रात, पुरावं लागलं होतं. बापाची शवपेटी मुलांनी आणायची आणि कबरीची जागा त्याच्या घराण्याने, म्हणजे त्याच्या आईच्या, बहिणींच्या रक्ताने द्यायची. सेरवाने शवपेटी आणली. चांगली आणली, काळ्या लाकडाची. बेमुआनोला दोन वेळा माणूस पाठवला, पण तिकडून कोणी आलं नाही. अंत्यविधीच्या मांडवात बाबांच्या माणसांसाठी खुर्च्यांची एक रांग ठेवली होती, ती शेवटपर्यंत रिकामी राहिली. भेटायला येणारे लोक रीतीप्रमाणे ओळीने हात मिळवत पुढे सरकत. त्या रांगेपाशी आले की सवयीने हात पुढे करत आणि मग तो कुठे ठेवावा हे न कळून कपड्याला पुसत. सेरवाला सगळ्या विधीतलं तेवढंच नीट आठवत होतं. तिथे जमलेल्या एका म्हाताऱ्याने नंतर तिला बाजूला घेऊन सांगितलं की देह इथे राहिला तर राहू दे, पण केस-नखं तरी त्याच्या गावच्या मातीत जाऊ देत, नाहीतर तो वाटेतच बसून राहील.

यावर आपला विश्वास आहे का, हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं. वाटेत बसलेले बाबा मात्र तिला रोज दिसत.

*

घराण्याचा कर्ता बादूकाका अंगणात आंब्याखाली बसला होता. त्याने आधी पाणी मागवलं. सेरवाने पूर्वजांसाठी थेंब जमिनीवर सांडून घोट घेतला, वाटी परत केली. मग त्याने विचारलं, "इथे सगळं बरं आहे. तू वाट तुडवत आलीस. काय निरोप आहे?"

सेरवाने पिशवीचा बंद सोडायला घेतला.

"खरं म्हणजे तू थेट बोलायचं नाहीस," तो म्हणाला. "तुझ्या आईकडचा कोणी मामा सोबत हवा होता. त्याने बोलायचं, माझ्या माणसाने ऐकायचं, आणि मी ऐकलंच नाही असं दाखवायचं. पण आता रीत पाळणाऱ्या सगळ्यांचे गुडघे दुखतात. बोल तूच."

तिने बाटली त्याच्या पायाशी ठेवली आणि सांगितलं. बादूकाकाने ऐकून घेतलं. डब्याकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

"निरोप पोचला होता," तो म्हणाला. "दोन्ही वेळा. मी कपडे काढून ठेवले होते निघायला. काळे, इस्त्री केलेले."

"मग?"

"मग आफ्रिये म्हणाली, जा, पण परत माझ्या दारात येऊ नकोस." त्याने बाटली उचलली, उजेडात धरली, परत ठेवली. "तुझी आत्या. आमच्या घराण्यात शेवटचा शब्द बाईचा. मी आहे तो लग्नात भाषण करायला. तिने हो म्हटलं तर मी स्वतः फावडं घेऊन नदीपलीकडे, आपल्या दफनभूमीत येतो. ती नाही म्हणाली तर माझ्या होकाराला काही किंमत नाही."

"आत्या मला भेटतील का?"

"भेटेल. चावणार नाही, दात नाहीत. चल."

गावातून नदीकडे जाताना त्याला धाप लागत होती, पण बोलणं थांबत नव्हतं. वळणावर जुना ड्रेजर दिसला. नदीने कधीच पात्र बदललं होतं, आणि तो तरंगता कारखाना शेवाळलेल्या डबक्यात कलून रुतला होता. तळ उपसणाऱ्या लोखंडी बादल्यांची माळ अजून त्याच्या तोंडाशी लटकत होती. एका बादलीत बगळा उभा होता.

"यावर तुझा बाप होता," बादूकाका म्हणाला. "दोरवाला. हे धूड नदीत उभं राहायचं ते दोन्ही काठांना बांधलेल्या पोलादी दोरांवर. दोर आवळायचे, सैल सोडायचे, की हे सरकायचं. सैल सोडला की दोर पाण्याखाली जायचा. आवळला की सपकन वर यायचा, सुरीसारखा. म्हणून आवळायच्या आधी भोंगा द्यायचा, होड्या बाजूला व्हायच्या. तुझ्या बापाचा, क्वासीचा भोंगा सगळ्यांत लांब. बायका म्हणायच्या, हा भोंगा वाजवतो की बायको शोधतो?"

सेरवा डबक्याकडे बघत होती. तिला आठवणारे बाबा घड्याळदुरुस्तीच्या टपरीत बसायचे आणि कुणाशी मोठ्याने बोलत नसत.

"मंगळवार नदीचा," तो पुढे म्हणाला. "त्या दिवशी तिच्यात पाय घालायचा नाही, होडी नाही, हंडा नाही, काही नाही. कंपनीनेही ते मान्य केलं होतं, मंगळवारी ड्रेजर गप्प. मग सोनं कमी यायला लागलं. साहेब म्हणाला, सातही दिवस चालवा, नाहीतर बंद करतो. कोणी तयार होईना. शेवटी एक जण चढला."

"बाबा."

"क्वासी. का चढला ते विचारू नकोस. तरुण होता. बंद पडलं तर सगळ्यांची चूल विझली असती, हेही खरं. चढला आणि दोर आवळला. भोंगा दिला नाही." तो थांबला. "द्यायचा कशाला? मंगळवारी नदीत होडी नसतेच."

सेरवा जागीच उभी राहिली. घरात फक्त एवढंच सांगितलेलं होतं, की बाबांचा एक भाचा बुडाला.

"आफ्रियेचा मुलगा क्वाबेना होडीत होता. दोर खालून वर आला." बादूकाकाने हाताने दाखवलं नाही. "त्या आठवड्यात क्वासी गेला तो परत आला नाही. आणि आफ्रिये तेव्हापासून दर मंगळवारी सकाळी बादली घेऊन नदीत उतरते. मुद्दाम. पुजाऱ्यांनी तिला मेंढीचा दंड सांगितला. ती म्हणाली, नदीला सांगा माझा मुलगा द्यायला, मग मी मेंढी देते. तिथे पुजारी गप्प. आता तर काय, खाली बघ."

खाली नदी होती. दुधाळ चहाच्या रंगाची, जाडसर. तराफ्यांवर डिझेलची इंजिनं धडधडत होती आणि कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिलेले पोरगे सोन्यासाठी नळ्यांनी तळ ओढत होते.

"यांना वार नाही नि तीथ नाही," बादूकाका म्हणाला. "मंगळवार आता कोणीच पाळत नाही. आफ्रिये चिडून उतरते आणि कुणाला कळतही नाही ती चिडली आहे म्हणून."

सेरवाने त्याचं शेवटचं बोलणं ऐकलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे अक्रातल्या घरामागचा नळ होता. त्याच्या तोंडाला बांधलेली चिंधी होती. नद्यांच्या वारांबद्दल तिने ऐकलं होतं, वाचलंही होतं. पण ते पुस्तकातलं होतं. घरातली चिंधी तिने कधी त्याच्याशी जोडली नव्हती.

*

आत्याचं घर काठावरचं शेवटचं. आत्या ओट्यावर कसाव्याचे कंद सोलत होती. ती बाबांसारखी दिसत होती, आणि याची तयारी सेरवाने केली नव्हती. तेच रुंद कपाळ, तीच डावी भुवई जरा वर.

आत्याने पाणी विचारलं नाही. बादूकाकाने घसा खाकरला, तरी विचारलं नाही.

"क्वासीची मुलगी," तो म्हणाला.

"डोळे आहेत मला. या घरात ते नाव घेऊ नकोस, बादू. पिशवीत काय आहे?"

सेरवाने डबा काढला. आत्याने सोललेला कसावा पाण्यात टाकला, सुरी पुसली.

"खोकल्याच्या गोळ्या?"

"घरात तोच डबा होता," सेरवा म्हणाली.

"तुझ्या बापाला घरात आणू नकोस. तिथे ठेव, जास्वंदीखाली."

सेरवाने डबा जास्वंदीखालच्या सपाट दगडावर ठेवला आणि ती त्याच्या शेजारी मातीतच बसली.

"आत्या, मी एवढंच मागायला आले..."

"तू काय मागायला आलीस ते सगळ्या गावाला माहीत आहे. फाट्यावरच्या सोनेवाल्यांनाही माहीत असेल. तू आमच्या रक्ताची नाहीस, तू तुझ्या आईच्या घरची. तुला मागायचा हक्क नाही नि मला द्यायची इच्छा नाही. झालं."

"आफ्रिये," बादूकाका म्हणाला, "मेला तो."

"मग? माझाही मेला. त्याला कुठे मिळालं पुरायला? केस मिळाले का नखं मिळाली?" तिचा आवाज चढला नाही. "तीन गावं खालपर्यंत शोधलं. नदीने एक चप्पलसुद्धा दिली नाही."

बादूकाका काठी टेकत निघून गेला. सेरवा उठली नाही. ऊन उतरत गेलं. शेवटची गाडी गेली असणार, हे तिला कळलं आणि आत्यालाही कळलं.

"रात्री उपाशी ठेवलं तर गाव मला नावं ठेवील," आत्या म्हणाली. "कुटता येतं का? की शहरात पाकिटातलं ढवळता?"

"येतं."

"बघू."

उकडलेला कसावा आणि केळी उखळात पडली. सेरवाने पुरुषभर उंचीचं मुसळ घेतलं. आत्या ठेंगण्या पाटावर बसली, हात पाण्याच्या वाडग्यात बुडवून उखळात घातला, गोळा वळवला, बाहेर काढला. मुसळ पडलं. हात आत, हात बाहेर, मुसळ. दोघींपैकी एकीचं लक्ष ढळलं तर बोटं जायची. अनोळखी माणसाबरोबर कुटताना सुरुवातीला ताल जमत नाही; पण या दोघींचा लगेच जमला, आणि दोघींनाही ते आवडलं नसावं.

"कुणी शिकवलं?" आत्याने विचारलं.

"बाबांनी. आईला पाठीचा त्रास होता. बाबा वळवायचे, मी कुटायचे."

"पुरुष वळवायला बसायचा?"

"शेजारीपाजारी हसायचे."

"हसतीलच." हात आत, हात बाहेर. "लहानपणी मी कुटायचे, तो वळवायचा. एकदा चिडून त्याच्या बोटावर मारलं होतं मी."

"करंगळी," सेरवा म्हणाली. "वाकडी होती."

गोळा चिकट होत चालला होता. शेजारच्या दोन-तीन घरांतूनही मुसळांचे आवाज येत होते, आणि त्यांच्या मागे नदीवरची इंजिनं.

"शेवटी काय म्हणाला?" आत्याने विचारलं.

"फार काही नाही. मंगळवार होता." सेरवाने मुसळ उचललं. "आमच्याकडे ते सोमवारी संध्याकाळी सगळी भांडी भरून ठेवायचे. पिंप, बादल्या, चहाची किटलीसुद्धा. मग नळाला चिंधी बांधायचे. मंगळवारभर कोणी नळ सोडायचा नाही. आम्ही चिडवायचो, आज नळाला ताप आलाय. आईला वाटायचं डोक्यात काहीतरी आहे. विचारलं तर म्हणायचे, एक दिवस तिला पडू द्या. कोणाला, ते सांगायचे नाहीत. मला आज दुपारी कळलं."

हात आत, हात बाहेर.

"त्या मंगळवारी इस्पितळात मी नळ सोडला, फडकं ओलं करायला. त्यांच्या अंगात ताप होता. त्यांनी आवाज ऐकला. म्हणाले, बंद कर. मी केला. मग बाहेरून पाण्याची पिशवी विकत आणली, थंड. कोपरा दातांनी फाडला, ओठांशी नेली, तर विचारतात, हे कधी भरलं?"

मुसळ पडलं.

"मला हसू आलं, आत्या. मी म्हटलं, बाबा, कारखान्यात भरतात, मला काय माहीत कधी भरलं ते. त्यांनी तोंड मिटून घेतलं. मी किती सांगितलं. रागावलेही मी. ओठ फुटले होते, तरी उघडले नाहीत. संध्याकाळी गेले." तिने मुसळ उचललं. "काल भरलंय, एवढंच म्हटलं असतं ना, तर प्यायले असते. दोन शब्द. मला खोटं बोलायला येत नाही असं नाही. मला कळलंच नाही काय विचारतायत ते."

मुसळ वर गेलं आणि तिथेच थांबलं. आत्याचा हात उखळात होता. तो बाहेर आला नव्हता.

"हात काढा, आत्या."

आत्याने हात काढला नाही. ती गोळ्याकडे बघत होती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काय?"

"नळाची चिंधी."

"मला कळतं तेव्हापासून."

"एकही मंगळवार चुकला नाही?"

"एकदा शेजारी आग लागली. तेव्हाही नळ सोडला नाही. आदल्या दिवशी भरलेलं पिंप उचलून घेऊन गेले. पाठ धरली त्यात, महिनाभर झोपून होते."

सेरवाचे दंड भरून आले, पण मुसळ खाली टेकवायचं तिला सुचलं नाही.

"डबा मीच पाठवला होता," आत्या म्हणाली.

"कसला डबा?"

"जेवणाचा. मामा सकाळचा उपाशी चढला असेल म्हणून. त्याला शिव्या देत होते मी, की मंगळवारी चढला मेला, आणि शिव्या देतादेता मासे बांधत होते. क्वाबेना म्हणाला, आई, आज होडी नको ना? मी म्हटलं, जा रे, एवढंसं तर पाणी आहे, नदी झोपली आहे, तिला कळणार नाही." तिने हात उखळातून काढला आणि वाडग्यात बुडवून धुतला. "तुझ्या बापाला भोंगा द्यायचं सुचलं नाही, कारण मंगळवारी नदीत कोणी नसतं. सगळं गाव त्याला म्हणालं, तू का चढलास? मला कोणी विचारलं नाही, होडी कोणी पाठवली. मीही सांगितलं नाही. तो मात्र जाणून होता. डबा ओळखीचा होता. पाण्यावर तेवढा तरंगत आला."

"बाबांनी कधी..."

"नाही ना सांगितलं? मलाही वाटलंच, सांगितलं नसणार." ती उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, दोन दमांत. "हा गोळा झालाय. झाकून ठेव."

तिने दाराआडची बादली घेतली.

"मी आणते पाणी," सेरवा म्हणाली.

"तू बस त्याच्यापाशी."

आत्या उताराने खाली गेली. सूर्य झाडांना टेकला होता. सेरवाने तिला काठावर वाकलेलं पाहिलं, मग वर येताना प्रत्येक चार पावलांवर थांबलेलं. मदतीला जावं असं दोनदा मनात आलं, पण तिला बसायला सांगितलं होतं. बादलीतलं पाणी नदीचंच होतं, तांबूस, गढूळ. आत्याने कोपऱ्यातून तुरटीचा खडा काढला, पाण्यात दोन-चार वेळा फिरवला, वर ताट झाकलं आणि बादली ओट्यावर ठेवून दिली. कशाला, ते सांगितलं नाही. नंतर दोघी एकाच वाडग्यात जेवल्या. माशाचं कालवण तिखट होतं, आणि डोळ्यांत पाणी यायला तेवढं कारण पुरेसं होतं.

*

सकाळी सेरवाला जाग आली ती इंजिनांच्या आवाजाने. आत्या अंगणात होती. रिकामी दुसरी बादली तिने उपडी टाकली होती आणि ती तिच्यावर बसली होती, हात मांडीत, तोंड नदीकडे.

थोड्या वेळाने बादूकाका दात घासायची काडी चघळत आला. त्याने आत्याकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, काडी तोंडातून काढली.

"आफ्रिये, नदीवर गेली नाहीस? बरं नाही का?"

"आज मंगळवार आहे."

"मंगळवार आहे म्हणून तर विचारतोय!"

"तुझी जीभ सकाळी सकाळी कशी सुटते रे? बस तिथे."

तो ओट्याच्या कडेवर बसला. सेरवाकडे बघून त्याने भुवया उंचावल्या.

"मग फावडं...?" त्याने हळूच विचारलं. "आणू का?"

"नदी ओलांडायची आहे. आज कशी ओलांडणार?" आत्या म्हणाली. "उद्या आण. आज तिला पडू दे."

सेरवाने मान वर केली. हे वाक्य तिने काल सांगितलं होतं. पण आत्याने ते उसनं घेतल्यासारखं म्हटलं नाही. बाबा म्हणायचे तसंच, 'पडू'वर जरा थांबून म्हटलं. कोणा तिसऱ्याच, फार पूर्वीच्या बाईकडून दोघा भावंडांनी ते ऐकलं असावं.

आत्या उठली आणि तिने ओट्यावरच्या बादलीवरचं ताट काढलं. रात्रीतून गाळ खाली बसला होता, चांगला चार बोटं. वर पाणी निवळलेलं. तिने भोपळ्याची वाटी घेतली आणि गाळ हलू न देता वरचं पाणी अलगद काढलं. दुसऱ्या हाताने मनगट धरलं. तशीच ती जास्वंदीपाशी गेली. बादूकाकाने पायांतल्या चपला काढल्या, अंगावरचं वस्त्र खांद्यावरून खाली घेतलं. सेरवाही उभी राहिली.

आत्याने डब्याचं झाकण उघडलं नाही. ती दगडासमोर वाकली आणि तिने पाण्याची पहिली धार मातीवर सोडली.

"क्वाबेना, तुझा मामा आला आहे. पुढे होऊन त्याचा हात धर."

माती काळी झाली. दुसरी धार सोडण्याआधी ती थांबली. खाली नदीवर कुणीतरी इंजिन चालू केलं, ते फुरफुरलं, बंद पडलं, परत चालू झालं. आत्याने ते संपायची वाट पाहिली नाही.

"क्वासी," ती म्हणाली. "पी. कालचं आहे."

तिने वाटी पूर्ण रिकामी केली. बादूकाका हळू आवाजात काहीतरी पुटपुटत होता, बहुधा घराण्यातल्या जुन्या माणसांची नावं. सेरवा खाली बसली. ती मोठ्याने रडली नाही. अक्रात, रिकाम्या खुर्च्यांसमोर, बादल्याच्या बादल्या रडणाऱ्या बायकांमध्येही ती रडली नव्हती, आणि आता रडायला लागल्यावर ते कसं थांबवायचं हे तिला ठाऊक नव्हतं. कोणी तिला थांबवलंही नाही.

बऱ्याच वेळाने तिच्यासमोर एक पेला आला. सेरवाने आत पाहिलं.

"नदीचं नाही," आत्या म्हणाली. "ते प्यायचं राहिलं नाही आता, ते त्याच्यापुरतं. हे पंपाचं आहे, मडक्यातलं."

सेरवाने पेला हातात घेतला, पण ओठाला लावला नाही. आत्याने तिच्याकडे पाहिलं आणि तिला समजलं.

"हेही कालच भरलंय," ती म्हणाली. "पी."